अकराव्या बंदिशीतला आवाज

माझ्या बाबांनी आयुष्यात अकरा बंदिशी बांधल्या आणि एक कान फोडला. कान माझा होता, डावा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय केलं ते वाचताना कोणाला एकट्या म्हाताऱ्याची दया यायला नको.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे अमेरिकेत ट्रॉयला राहतात. मागच्या फेब्रुवारीत त्यांच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, पुढच्या गुरुवारी, असं त्यांनी सांगितलं. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा. आवाज नाही. मी सगळं मराठीत करून सांगितलं तेव्हा बाबांनी मान हलवली, जणू कोणी बसचं वेळापत्रक सांगितलंय. गाडी पार्किंग लॉटमधून बाहेर पडेपर्यंत ते सीटबेल्टशी खटपट करत होते. मग म्हणाले, "बंदिशी कोणाकडेच नाहीयेत."

त्यांची वही होती. वहीत शब्द होते, स्वर होते, ताल होता. पण कुठला स्वर किती ओढायचा, कुठे श्वास सोडायचा, कुठे नुसता धक्का देऊन पुढे जायचं, हे कागदावर उतरत नाही. ते माहीत असलेली माणसं जगात दोन. एक बाबा. दुसरी मी, आणि मी सोळाव्या वर्षी गाणं सोडलं ते परत कधी तोंडातून काढलं नाही. बाथरूममध्येसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी मी कंडेन्सर माईक मागवला. का मागवला ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रेमाने मागवला म्हटलं तर खोटं होईल.

बाबांची शिकवायची पद्धत सांगते. नागपूरला सरकारी क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण घरी आल्यावर गवई. मांडी घालून समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या मांडीवर ताल देणार. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणं फिरून फिरून तिथे येऊन टेकलं पाहिजे. टेकलं तर मांडीवर थाप. चुकलं तर तोच हात वर यायचा आणि तोंडावर पडायचा. हात उचलण्यासाठी त्यांना थांबावंही लागत नसे, लयीतच यायचा. मी रडत रडत पुढची ओळ गायची. रडण्याने सूर हलला तर आणखी एक.

आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. एकदा खालच्या काकूंनी जिन्यात आईला विचारलं, "काल संध्याकाळी कसला हो आवाज येत होता?" मी आईच्या शेजारी उभी होते, गाल सुजलेला. आई हसली आणि म्हणाली, "ताल चाललाय." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. पुढे कोणीही विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं. ताल चाललाय. आईचा मला बाबांपेक्षा जास्त राग यायचा. अजून येतो.

अकरावी बंदिश भीमपलासीतली, झपतालात. ती त्यांनी माझ्यासाठी बांधली, आंतरशालेय स्पर्धेसाठी. मी बारा वर्षांची होते. अंतऱ्याची दुसरी ओळ संपवून समेवर यायची एक अवघड जागा आहे. तिथे मी एका मात्रेने मागे राहायची, रोज. स्पर्धेच्या आदल्या दिवशी राहिले तेव्हा जो हात आला तो कानावर आला. टाळी वाजावी तसा आवाज आतच झाला आणि मग डाव्या बाजूचं जग कोणीतरी दार लोटून घ्यावं तसं बंद झालं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग होता. आईने अभ्रा भिजत घातला. स्पर्धेत माझा पहिला नंबर आला.

त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते, ती मी कायम डावीकडे सरकवून ठेवते, म्हणजे त्या कानात आवाज मोठा येतो. मुलगी घरी आली की चिडते. "मॉम, तू हे काय करून ठेवलंयस? इट्स ऑल ऑन वन साइड!" मी कधी कारण सांगितलं नाही.

मुलीला मी कधी हात लावला नाही. हे मी लोकांना अभिमानाने सांगायची. हात लावला नाही, बाकी सगळं केलं. कप फोडले. फोन भिंतीवर मारला. ती सातवीत असताना एकदा लॉन्ड्रीरूमच्या दाराला लाथ घातली, तर पाय दारातून आरपार. अमेरिकेतली दारं पुठ्ठ्याची असतात हे तेव्हा कळलं. त्या भोकावर इंडियन ग्रोसरीत फुकट मिळणारं कॅलेंडर लावलं आहे. दर जानेवारीत नवं लावते. नवरा यावर काही बोलत नाही. ऑपरेशनच्या आधीच्या त्या शनिवार-रविवारी तो कामासाठी टेक्ससला होता, आणि बरंच झालं.

माईक शुक्रवारी आला. आम्हाला माईक म्हटला की मंडळाच्या स्टेजवरचा माहीत. तो खणखणीत असतो, पडला तरी मरत नाही. कंडेन्सर माईकचं तसं नाही. तो नाजूक आणि कान फार तिखट. त्याला स्वतःची वीज लागते. मधे एक छोटा डबा असतो, इंटरफेस म्हणतात, त्यात माईकची जाड केबल खोचायची, डब्यावर ४८ लिहिलेलं बटण दाबायचं, मग माईक जागा होतो. डबा टॅबलेटला जोडायचा. मी जोडला तर टॅबलेट म्हणाला की ही वस्तू फार वीज खाते, मला झेपत नाही. दोन तास मी त्या डब्याला शिव्या घातल्या. शेवटी मधे जास्तीची वीज पुरवणारा एक हब लावला, हबला चार्जर लावला, तेव्हा कुठे टॅबलेटवर हिरवी रेघ हलली. मी शिवी दिली की रेघ उंच जायची. बराच वेळ मी नुसती शिव्या देत बसले होते.

कपड्यांची खोली, म्हणजे वॉक-इन क्लॉझेट निवडलं, कारण तिथे कपडे आवाज पितात. एका बाजूला साड्या, एका बाजूला बर्फातले कोट, दारावर कम्फर्टरची जाड रजई टांगली. हीटिंग बंद केलं, कारण गरम हवेचा सुस्कारा माईकला ऐकू येतो. फ्रिज बंद केला, त्याची घरघर येते. टॅबलेट एअरप्लेन मोडवर टाकला. बाबांना मधोमध खुर्चीवर बसवलं, अंगात स्वेटर आणि वर माझी शाल. माईक उभा, त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब, मधे थुंकी अडवायची काळी जाळी.

बाबांनी पहिलं काय केलं असेल? माईकच्या डोक्यावर टकटक टिचक्या मारल्या आणि फूफू करून फुंकलं. माझ्या कानाला हेडफोन होते. चांगल्या कानात कोणी सुई खुपसावी तसं झालं.

"फुंकायचं नाही!" मी ओरडले.

"चालू आहे का पाहून राहिलो."

"चालू आहे. आणि वरून नाही गायचं, हा समोरून ऐकतो. इकडे, या खुणेकडे तोंड."

दुसरी गोष्ट, मी पाणी आणायला खाली गेले आणि परत आले तर माईकच्या जाळीवर हळदकुंकू. नवीन वस्तू आली की हळदकुंकू लावायचं, हे मलाही माहीत आहे, आमच्या गाडीलाही लावलं होतं. पण ही पूड आत पडली की माईक खरखरतो. मी ब्रशने जाळी झटकत होते, तर मागे उदबत्ती पेटलेली. बंद क्लॉझेटमध्ये. मिनिटभरात पॅसेजमधला स्मोक अलार्म किंचाळायला लागला, आणि आमच्या घरातले सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले आहेत, तेव्हा तळघरापासून वरपर्यंत सगळं घर किंचाळायला लागलं. मी केरसुणीचा दांडा घेतला आणि अलार्मवर मारला. एकदा मारल्यावर तो थांबायला हवा होता. मी सहा-सात वेळा मारला. प्लॅस्टिकचे तुकडे गालिच्यावर पडले, वायर लोंबायला लागली, मी मारतच होते. वळून पाहिलं तर बाबा क्लॉझेटच्या दारात दोन्ही कानांवर हात ठेवून उभे होते. कान झाकून उभा असलेला बाप पाहून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

शुक्रवार, शनिवार मिळून दहा बंदिशी झाल्या. घसा बसलेला होता, पण बाबा काय गायले! तंबोरा त्यांच्या हेडफोनमध्ये वाजत होता, एक कान उघडा ठेवून ते गात होते आणि मला अंगावर काटा येत होता, आणि काटा येतो म्हणून माझा संताप होत होता. ज्या माणसाने मला मारलं त्याने इतकं सुंदर गाऊ नये, असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे.

एकच अडचण होती, ताल. ते स्वतःच्या मांडीवर थाप देत आणि माईक ती थाप उचलत असे. मी त्यांच्या मांडीवर उशी ठेवली. दहा बंदिशी उशीवर निभावल्या. अकरावीला जमेना. रविवारी दुपारी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा लय सुटली. उशीवर हात बुडतो, अंदाज येत नाही, असं ते म्हणाले. घर थंडगार पडलं होतं, त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"तू समोर बस," ते म्हणाले. "मांडी दे."

मी त्रेपन्न वर्षांची बाई आहे. मोठ्या कंपनीत बारा माणसं माझ्या हाताखाली काम करतात. मी उठून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. जाड पँट घातली होती, त्यामुळे थापेचा आवाज येणार नव्हता. त्यांनी हात ठेवला. हात हलका झाला होता, नुसती हाडं. पण माझी मान आपोआप मागे गेली, बारा वर्षांच्या मुलीसारखी.

रेकॉर्ड दाबलं. ते गायला लागले. लय धरली, बरोबर धरली. स्थायी झाली, अंतरा आला. अंतऱ्याची दुसरी ओळ आली, ती अवघड जागा आली, आणि बाबा चुकले. एका मात्रेने मागे राहिले. मी जिथे राहायची तिथेच.

आणि त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. माझ्याकडे! त्यांचा हात माझ्या मांडीवरून उचलला गेला. एवढा, चार बोटं. कदाचित पुढची थाप द्यायलाच उचलला असेल. मला ठाऊक नाही. चार बोटांच्या वर तो गेला नाही, कारण तेवढ्यात माझा हात त्यांच्या गालावर बसला होता.

हेडफोनमधून तो आवाज मला ऐकू आला. समोर माणूस असतो आणि आवाज कानाच्या आत होतो, तसा. इंटरफेसवरचा दिवा, जो तीन दिवस हिरवा होता, तो आवाज न झेपून लाल झाला. बाबांचा चष्मा कोटांच्या खाली गेला. गालावर माझी बोटं उमटलेली मी पाहिली. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, गळ्यात गाठ, चार दिवसांवर ऑपरेशन.

ते थांबले नाहीत. समेची वाट बघितली, आणि ती ओळ परत घेतली आणि बरोबर आणून टेकवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण सूर हलला नाही. ते शेवटपर्यंत गायले. माझा हात हवेत होता, तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही. बंदिश संपल्यावर ते खोकले, रुमालावर रक्त आलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, आता गाणं नाही, बोलणंसुद्धा नाही. त्यामुळे ती बंदिश परत रेकॉर्ड करता आली नाही.

गुरुवारपर्यंत आम्ही दोघंही त्याविषयी बोललो नाही.  मी त्यांना पेज दिली, गोळ्या दिल्या, चष्म्याची वाकलेली काडी सरळ केली. गुरुवारी त्यांना आत नेताना त्यांनी माझ्याकडे हात केला, मी तो धरला, नर्सने ट्रॉली ढकलली.

मार्चच्या शेवटी मुलगी शिकागोहून आली. ती तिथे फिजिकल थेरपिस्ट आहे. मराठी तिला समजतं, बोलते अर्धं इंग्रजीत, वाचता येत नाही. रविवारची मराठी शाळा मी दुसऱ्याच वर्षी बंद केली होती, कारण तिथे गाणी म्हणायला लावायचे. बाबा किचन टेबलाशी बसले होते, गळ्याला पांढरा रुमाल, समोर बोलण्यासाठी घेतलेली छोटी पांढरी पाटी आणि मार्कर. मी कढीला फोडणी देत होते.

"आजोबा, कॅन आय हिअर देम?" तिने टॅबलेट उघडला. बाबांनी मान डोलावली. मी म्हटलं जेवण झाल्यावर ऐक. म्हटलं पहिलीपासून ऐक. तिने अकरावी लावली, कारण यादीत ती सगळ्यात वर होती.

स्पीकरवर बाबांचा आवाज घरभर झाला. बाबांनी डोळे मिटले आणि हात टेबलावर ताल द्यायला लागला. मी गॅस बंद केला. अंतरा आला, दुसरी ओळ आली. आणि तो आवाज आला. माईक चांगला होता. कुठे, कसं, किती जोरात, सगळं त्यात होतं. चष्मा पडल्याचंसुद्धा.

मुलीने थांबवलं. "व्हॉट वॉज दॅट?" तिने बोटाने मागे नेऊन परत लावलं. पुन्हा तोच आवाज. "आजोबा, काही पडलं का? डिड समबडी फॉल?"

बाबांनी डोळे उघडले. मार्करचं टोपण काढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी तिच्याकडे केली. तिने पाहिलं, अर्थातच वाचता येईना, पाटी माझ्याकडे फिरवली. "मॉम, काय लिहिलंय?"

पाटीवर लिहिलं होतं, ताल चाललाय.

मला वाटायचं बाबांना ते वाक्य माहीतच नाही. ते आतल्या खोलीत असायचे, आई जिन्यात. म्हणजे ऐकत होते. सगळी वर्षं ऐकत होते, आणि आज ते माझ्यासाठी जिन्यात उभे राहिले होते. मुलगी वाट बघत होती. तिच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं की मी नुसतं वाचून दाखवलं की झालं. ती हसेल, टॅबलेटवर बोट फिरवून तेवढा तुकडा काढून टाकेल, दोन मिनिटांचं काम. फक्त दोन शब्द, आणि तेही माझे नाहीत.

"मी मारलं," मी म्हणाले. "आजोबांना. थोबाडीत. तो त्याचा आवाज आहे."

 मुलीची नजर आधी बाबांच्या गालाकडे गेली, मग माझ्या मागे लॉन्ड्रीरूमच्या दाराकडे, कॅलेंडरकडे. मला वाटत होतं तिने ओरडावं. तिने खुर्ची थोडी मागे घेतली. फक्त तेवढंच, आणि ते मला कुठल्याही थपडेपेक्षा जास्त लागलं. मी लहानपणी बाबा जवळ आले की अशीच मागे सरकायची.

"व्हाय?" तिने विचारलं, अगदी हळू.

मी सांगायला तोंड उघडलं. चाळीस वर्षं हे भाषण माझं तयार होतं. कान, अभ्रा, स्पर्धा, आई. 

बाबांनी टेबलावर थाप मारली. त्यांना लक्ष वेधून घ्यायला आता तेवढंच येतं. त्यांनी स्वेटरच्या बाहीने पाटी पुसली, परत लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता पाटी नातीसमोर धरली. पाटीच्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. तिला ते वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी ते तिच्याकडेच धरून बसले, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं.

एक्केचाळीस वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली होती ते तिथे होते, वेडेवाकडे, निळ्या शाईत. आणि तेही मलाच मोठ्याने वाचून दाखवावे लागले, कारण त्या घरात ते वाचून म्हणू शकेल असा आवाज आता एकट्या माझ्याकडेच होता.

"आधी मी मारलं," मी वाचलं.